नळीचं दुसरं टोक

मित्रांनो, दवाखान्यात खाटेशेजारी मान ताठ करून उभा असतो ना, तो सलाईनचा स्टँड मी. आता जुना झालोय आणि मानही वाकलीय. चाक निखळल्यामुळे वाकली असं लोक म्हणतात. म्हणोत बिचारे.

माझा जन्म संगमनेरातल्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. तरुणपणी नगरच्या एका खासगी रुग्णालयात लागलो. माझ्या आकड्याला टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब औषध उतरायचं आणि निपचित पडलेली माणसं चहा मागू लागायची. घरी जाताना नातेवाईक डॉक्टरांना नमस्कार करत. शेजारीच उभा असल्यामुळे त्यातला थोडा आपलाही, असं मी धरून चाले.

मग गरिबांच्या मोफत उपचारांची सरकारी योजना आमच्याकडे आली आणि मला बढती मिळाली. मी फोटोत उभा राहू लागलो. छगन नावाचा दलाल गावोगाव शिबिरं भरवून धडधाकट माणसं जीपमधून आणी. त्यांना खाटेवर आडवं करायचं, नळीचं टोक हातावर चिकटपट्टीनं दाबायचं आणि फोटो काढायचा. सुई नाही, औषध नाही. बाटलीसुद्धा रोजची तीच. फोटो सरकारकडे जाई, पैसे डॉक्टरांकडे येत आणि माणसं वडापाव खाऊन घरी जात. इतक्या झटपट गुण येणारं रुग्णालय दुसरं नसेल.

मिरजगावकडचे सूर्यभानमामा असेच आले, लग्नातला फेटा बांधून.

“मामा, फेटा काढा की!” छगन म्हणाला.

“फोटो म्हणलास न्हवं? मग बोडक्यानं काढू व्हय?”

फेट्यासकट फोटो निघाला. कागदावर चढलं, छाती उघडून हृदयाची शस्त्रक्रिया.

पुढच्या वर्षी मामांच्या छातीत खरंच कळ आली. बायको झुंबरबाई त्यांना ओळखीच्या ठिकाणी, म्हणजे आमच्याचकडे, घेऊन आली. काउंटरवरची मुलगी संगणकात बघून म्हणाली, “यांचं ऑपरेशन झालंय. आता योजनेत बसणार नाही.”

“कवा झालं?” झुंबरबाईनं मामांच्या सदऱ्याची बटणं ओढली. “दाव, टाका कुठं हाय त्यो! एका घरात ऱ्हाऊन मला कसं न्हाई दिसलं?”

मामा घामानं निथळत, माझ्याच खांबाला धरून उभे होते. मला चाकं आहेत, पण पळता येईना. माझी मान वाकली ती तेव्हा.

योजनेच्या तपासणी पथकातल्या डॉक्टर प्रज्ञा त्याच दिवशी आल्या होत्या, त्या फोटोपायीच. “छाती उघडल्यावर फेटा बांधून हसणारा पेशंट मी पहिल्यांदाच पाहिला,” असं त्या आमच्या डॉक्टरांना सुनावत होत्या. तेवढ्यात समोर तोच माणूस दिसला, आणि यावेळी तो हसत नव्हता.

“चौकशी नंतर,” त्या म्हणाल्या. “मोठ्या दवाखान्याची गाडी येईपर्यंत औषध सुरू करा. मंजुरीचं मी बघते.”

नर्स सायलीनं सवयीनं आधी मोबाईल उचलला.

“फोटो ऱ्हाऊ दे, पोरी,” मामा पुटपुटले. “आदी सुई टोच.”

नवी बाटली लागली. थेंब पडला. तो कसा पडतो, हेच मी विसरलो होतो.

मोठ्या दवाखान्यात खरंखुरं ऑपरेशन झालं आणि मामा वाचले. झुंबरबाई आता येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचा टाका दाखवते, असं चौकशीनंतर आमच्या रुग्णालयाला सील ठोकायला आलेले लोक बोलत होते. मी बंद खोलीत गंजतोय. ते ठीकच आहे.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. फक्त एक करा. कुठं माझा एखादा भाऊबंद उभा दिसला, तर नुसतं वर बाटलीकडे बघू नका. नळीचं दुसरं टोक कुठं जातंय, तेही बघा.