घोंगड्याखालचा चिनी गुलाब

"उद्याच्या न्याहारीच्या आत ह्या पाऊसपाड्या बाबाला यष्टीत बसविते, न्हाई तं नावाची जनकाबाई न्हाई!" साखरा गावच्या जनकाबाईनं पारावर ठणकावलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाली अन् बाबा तिच्याच अंगणात मांडी ठोकून बसला. भोवती अख्खा गाव.

साल बहात्तर, दुष्काळाचं. शिवारात हिरवं म्हणून उरला होता तो जनकाबाईच्या दारातला चिनी गुलाबाचा वाफा. जाडजूड पानांत हे झाड आपलं पाणी आपणच साठवतं. आठवड्याला तांब्याभर धुवण मिळालं तरी लालपिवळं हसतं. बाबानं बरोबर हेच ठिकाण हेरलं होतं.

ऊन वाफ्यावर चढलं तसा तो गरजला, "खुल जा फूल, उड जा धूल! फट् स्वाहा!" तासाभरात एकेक करत सगळ्या कळ्या उमलल्या. गाव बाबापुढं आडवा पडला.

"आता घरटी दोन घागरी फुलांवर ओता," बाबा डोळे मिटून बोलला. "फुलं पोटभर पिऊन धाली की ढग येतील."

गावच्या विहिरीत पाणी उरलं होतं हातभर. जनकाबाई वाफ्यापुढं उभी राहिली.

"आरं, काहून इहीर खरवडून राहिले? लेकरं काय पितील? अन् ह्या झाडाला जास्त पानी म्हंजी जहर, मुळं सडतेत!"

"जनकाआत्या, मंत्र हाय त्यो," सरपंच ग्यानबा म्हणाला.

"एक रोज थांबा. उद्या दावते मंत्र."

उजाडताच तिनं अर्ध्या वाफ्यावर घोंगडं टाकलं. बाबानं घसा फुटेस्तोवर मंत्र म्हटला. उघडी बाजू फुलली. घोंगडं उचललं, तर खाली कळ्या मुठी आवळून बसलेल्या.

"लोकर आडवी आली!" बाबा.

"बराबर. आता लोकर काढली. तुमी जेवा." तिनं त्याच्या तोंडात ठेच्यासकट भाकर कोंबली. बाबाला असा ठसका लागला की मंत्र तर सोडाच, रामराम निघेना. अर्ध्या तासात उरलेल्या कळ्याही उमलल्या.

"पाह्यलं? ऊन लागलं की उमलतंय, ऊन गेलं की मिटतंय. मी दरसाल पाहून राहिले. ह्यो फकस्त उन्हाच्या टायमाला येऊन बसतो. बाबांनो, डोळे हायेत तं पाहा, डोस्कं हाय तं वापरा. इहीर वाचवा!"

बाबा ठसकत ठसकत यष्टीकडं पळाला. मग ग्यानबानं पागोटं उतरवलं.

"मंत्र न म्हनता फुलविलं! बाबाहून मोठी शक्ती हाय हिच्या अंगात!"

"ऊन हाय ते, मुडद्या!"

"आईनं शिवी देली," शेजारची द्वारकाबाई गहिवरली. "परसाद हाय!"

आता जनकाआईच्या नावानं घरटी दोन घागरी वाफ्यावर पडल्या. सांजेपर्यंत विहीर कोरडी झाली. तीन दिवसांत वाफा सडला. चौथ्या दिवशी हिंगोलीहून टँकर आला. पहिल्या दोन घागरींनी गावानं जनकाबाईचे पाय धुतले.