बिनपट्टीचं पदक

लेकीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना व्याही घरी आले आणि त्यांनी गिडियन लेडलॉच्या टेबलावर रुमाल उलगडला. आत चांदीची चिमुकली पट्टी होती. तिच्यावर 'काबूल' असं कोरलेलं.

व्याही म्हणजे सार्जंट आर्चिबाल्ड टेट. स्कॉटलंडमधल्या हॉइक गावात त्यांना न ओळखणारा माणूस सापडला नसता. अफगाण मोहिमेचं त्यांचं पदक, त्याच्या फितीवर लढाईगणिक एक अशा तीन पट्ट्या, शेजारी कंदाहारचा कांस्याचा तारा. रविवारी चर्चमध्ये त्यांच्याआधी त्यांच्या छातीवरची किणकिण आत शिरायची. त्याच मोहिमेवर गिडियनही गेला होता, साधा शिपाई म्हणून. पदक त्यालाही मिळालं, पण नुसतं राणीचं तोंड आणि हिरवी-तांबडी फीत. पट्टी एकही नाही.

"माझ्या एका दोस्ताची आहे, बिचारा वारला," टेट म्हणाले. "फोटोपुरती लावा, व्याहीबुवा. आपण दोघं शेजारी उभे राहणार, चार लोक बघणार. जरा शोभायला नको?"

"पण मी काबूल बघितलंच नाही, सार्जंट."

"ते मला माहीत आहे हो! फोटोला कुठे माहीत आहे?"

आतून त्याच्या बायकोचा, एफीचा आवाज आला, "घ्या की. एका दिवसाचा तर प्रश्न. पोरीच्या सासरचे एवढ्या प्रेमाने देतायत."

गिडियनला राग आला नाही. गुत्त्यात लोक त्याला 'बिनपट्टी' म्हणून हाक मारत, तेव्हाही तो बिअरचा मग उंचावून ओ द्यायचा. त्याने पट्टीवर रुमाल पुन्हा पांघरला आणि तो टेटांकडे सरकवला.

"पट्टी लढाईची मिळते. आमची छावणी खैबर खिंडीच्या तोंडाशी होती. उन्हाळ्यात तिथे कॉलरा शिरला. तुम्ही पुढे होतात, मी मागे तंबूत होतो. पाणी पाजायचं, घाण काढायची, सकाळी खड्डे खणायचे. शेवटी मीही आडवा झालो आणि काबूलला जायचं राहिलं. कॉलऱ्याची पट्टी कुणी काढली नाही, म्हणून माझी फीत मोकळी. ती मी तशीच लावणार. तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर फोटोत चार हात लांब उभे राहा."

एफी पिठाने माखलेले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

टेट खुर्चीत बसले. बसले म्हणजे जवळजवळ कोसळलेच.

"माझा धाकटा भाऊ त्याच छावणीत गेला," ते म्हणाले. "निनियन. आईला एवढंच कळलं, की आजाराने गेला. तांबूस केस होते त्याचे. डाव्या भुवईवर खोक पडल्याची खूण. आठवतो?"

एक 'हो' म्हटलं असतं, तर समोरचा माणूस जन्मभर त्याचा ऋणी राहिला असता. गिडियनने डोळे मिटून खरंच आठवून पाहिलं.

"नाही, सार्जंट. खोटं नाही सांगणार. चेहरे सगळे एकमेकांत मिसळलेत. पण एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. आमच्या तंबूत तहानलेला कुणी गेला नाही. आईला हाक मारणाऱ्याचा हात मी धरायचो, नाहीतर माझा जोडीदार. आणि तोंड धुतल्याशिवाय, प्रार्थना म्हटल्याशिवाय आम्ही एकालाही मातीत ठेवलं नाही. माझा आवाज भसाडा, पण म्हणायचो."

टेटांच्या भरघोस मिशा थरथरायला लागल्या. एफीने न विचारता दोन पेल्यांत व्हिस्की ओतली. थोड्या वेळाने तिसऱ्यातही ओतली, आणि ती स्वतः प्याली.

लग्नाच्या दिवशी टेटांनी गिडियनचा दंड जो धरला तो सोडलाच नाही. फोटो झाला, जेवणं सुरू झाली. मटणाच्या ताटांवरून ते प्रत्येक पाहुण्याला थांबवून सांगत होते, "हे आमचे व्याही. माझा भाऊ ज्या छावणीत गेला, तिथे मरणाऱ्यांच्या उशाशी हे बसले. सगळे दूर पळत होते तेव्हा!"

"अहो, पुरे झालं आता," गिडियन कानापर्यंत लाल होऊन पुटपुटला.

"चूप, शिपाई!" टेट गरजले. "सार्जंट बोलतोय."

गिडियनने टाचा जुळवल्या आणि निमूटपणे आपलं कौतुक ऐकून घेतलं.