हालू नका

झाकण पितळेचं होतं, आतून मखमल लावलेलं, आणि सकाळपासून इतक्यांदा मुठीत आवळल्यामुळे त्याची गोल कड तळहातावर लाल उमटून बसली होती. सुग्रीव त्या खुणेकडे बघत राहिला. समोर मांडवाच्या तोंडाशी माणसं उभी होती — म्हणजे त्यानंच ती रांग लावून उभी केली होती — आणि सगळी श्वास कोंडून त्याच्या हाताकडे बघत होती. आता हे झाकण कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवायचं, मागून फोटोची काच सरकवायची, 'हालू नका' म्हणून ओरडायचं, झाकण काढायचं, मनात एक-दोन म्हणायचं आणि परत लावायचं. पण हालण्यासारखं यांच्यात उरलंय काय, असं त्याला वाटलं, आणि त्याचे खांदे आणखीच भरून आले.

बीडच्या पेठेत कासीमभाईंचं फोटोचं दुकान होतं. सुग्रीव मूळचा तसबिरींना चौकटी करणारा; देवांना आणि लोकांच्या मेलेल्या सासऱ्यांना काचेआड बसवता बसवता तो त्यांच्या हाताखाली आला होता, आणि आता त्यांच्या गुडघ्यांनी जवाब दिला म्हणून लिंबागणेशचं हे लग्न त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडलं होतं. चौतिशी उलटल्यावर शिकाऊ! मागच्या लग्नातल्या त्याच्या काचा खिडकीशी धरून उस्ताद म्हणाले होते, "क्या मियाँ, शादी में गए थे की मय्यत में? सब मुरदे खड़े हैं." ते चिडलेही नव्हते, त्याचंच जास्त लागलं होतं. "आदमी कू मालूम पड़ा की फोटो निकल रहा, तो वो ताला लगा के घर से निकल जाता. तुम क्या, ताले का फोटो निकालते?" मग काय करू, उस्ताद? "कुछ नक्को करो. राह देखो. काम करते करते हात रुकता ना, तब आदमी अपने आप हिलता नहीं. बस, उस वक्त."

सांगायला यांचं काय जातं, सुग्रीवच्या मनात आलं होतं. हात थांबायची वाट बघत बसावं, तर इकडे वरमाई, तिकडे व्याही, आणि सगळ्यांना आपापला मान फोटोत दिसायला हवा.

लग्न दुसरेपणाचं होतं, म्हणून मुलीकडची माणसं कडा गावाहून इकडे आली होती. नवरदेव बद्रीनाथ हा गावच्या सुंदररावांचा थोरला. बाशिंगाखाली घामानं डबडबलेला, मिशीत दोन-चार केस पांढरे. शेजारी नवरी, तिची मान इतकी खाली की फोटोत भांग तेवढा यायचा. आणि मागे, अगदी कडेला, करादिवा धरून एक बाई उभी होती. पाण्यानं भरलेला करा आणि त्यावर तेवता दिवा, हा नवरदेवाच्या बहिणीनं धरायचा, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. सकाळपासून ती बाई नुसती धावत होती — जोशीबुवांच्या अक्षता, रुसलेल्या व्याह्याची समजूत, नवरीचा सुटलेला पदर — आणि प्रत्येक ठिकाणी तिचं तोंड हसरं होतं.

"करवलीबाई," कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं काढत सुग्रीव म्हणाला, "अशा कडंला नका ऱ्हाऊ. भावाच्या जवळ सरका जरा."

सुंदरराव उपरण्यानं मान पुसू लागले. बद्रीनाथनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. हसली ती फक्त तीच.

"म्या बहीण न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "यास्नी बहीणच न्हाई, म्हनून दिवा म्या धरलाय. म्या पयली हाय, केशर." आणि तो कसनुसा झाला तेव्हा तिनंच त्याला सावरून घेतलं, "कडंलाच बरी हाय म्या. काढा तुमी फोटू, पोरगी उनात उबी हाय कवाची."

"हालू नका," सुग्रीव म्हणाला. झाकण काढलं, एक, दोन, झाकण लावलं. कुणीही हाललं नाही.

पयली हाय... तिपाई उचलून घराच्या मागच्या अंगाला जाताना ते शब्द त्याच्या डोक्यातून हटेनात. त्याच्याही लग्नाला बारा वर्षं झाली आणि बायकोची, मनकर्णाची, कूस उजवली नाही. आईनं — भिवराबाईनं — केव्हाचा दुसरी करण्याचा धोशा लावला होता, आणि शेवटी एका जेवणाच्या वेळी तो हो म्हणाला, मुलाच्या ओढीनं नव्हे, त्या धोशाच्या कंटाळ्यानं. उद्या गेवराईला जायचं होतं. सुपारी फोडायची, की झालं; मग मागे फिरणं नाही. पण मी विचारलं होतं की मनकर्णाला. आईच्या अपरोक्ष, मुद्दाम बोलावून विचारलं होतं. "करा की," ती म्हणाली होती, "म्या कुठं न्हाई म्हनते? घरात लेकरू पायजेच." एवढंच नाही, गेवराईच्या मुलीसाठी खण तिनंच निवडला — "हिरवा न्या, गोरी हाय म्हनत्यात, लई खुलंल तिला" — आणि तो हिरवा खण ट्रंकेत घडी घालून ठेवताना ती हसलीसुद्धा होती. त्या हसण्यावर तो किती निर्धास्त झाला होता! दुकानात आल्यागेल्याला सांगत सुटला होता की बायको असावी तर अशी. एक शब्द नाही, आदळआपट नाही... आणि दुसऱ्या कुणी केलं असतं एवढं मोठं मन? असंच म्हणाला होता तो.

मागे विहिरीजवळ लिंबाची सावली होती. पंगत उठली की नवरा-नवरीचा जोडफोटो इथे घ्यायचा होता, म्हणून त्यानं दगडी डोणीसमोर तिपाई रोवली आणि तो काळ्या कापडाखाली शिरला. खरं तर त्याला तिथे काही काम नव्हतं. अंधार होता, कुणी हाक मारणार नव्हतं, म्हणून बरं वाटत होतं. बायका कॅमेऱ्याला बुजत होत्या, तेव्हा सकाळीच त्यानं ठोकून दिलं होतं की 'हालू नका' म्हणेस्तोवर या पेटीतून काहीएक दिसत नाही, खुशाल वावरा. बायकांनी ते खरं मानलं होतं.

केशरनंही मानलं असावं, कारण ती आली ती थेट डोणीच्या काठावर बसली. कॅमेरा तिला दिसला, कापडाखाली वाकलेला माणूसही दिसला. पण 'हालू नका' कुणी म्हटलं नव्हतं, म्हणजे तिच्या लेखी तो तिथे नव्हताच. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर ती उलटी उमटली होती, पाय वर नि डोकं खाली. पण सुग्रीवच्या शिणलेल्या डोळ्यांना ते उलटेपण आता जाणवेनासं झालं होतं. तिनं उजवा हात उजेडाला धरला. अंगठ्याच्या मुळाशी टरटरीत फोड आला होता. दिव्यातलं कढत तेल कलंडून ओघळलं असणार. कधी? ...तो म्हणाला होता हालू नका. तेव्हाच. तिच्या हातावर तेल ओघळत होतं आणि ती, त्यानं सांगितलं म्हणून, हसरं तोंड तसंच ठेवून हालली नव्हती.

मग तिनं अंगठा तोंडात घातला. चाळिशीकडे झुकलेली बाई, नाकात नथ, डोईवर पदर. गुडघे पोटाशी घेऊन, अंगठा चोखत, बारक्या पोरीसारखी बसून राहिली. ती रडत नव्हती. रडली असती तर सुग्रीवला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते पुरुषाला ठाऊक असतं, दुसरीकडे बघायचं. पण हे तोंड... ह्यावर राग नव्हता, दुःखही म्हणता आलं नसतं, नुसतं एक माणूस होतं, एकटं, आणि त्याला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. त्याचे हात आपलं काम करू लागले. झाकण भिंगावर बसलं, फोटोची काच सरकली, तिच्यावरची पडदी वर आली, झाकण निघालं — एक, दोन — झाकण बसलं.

आवाजानं तिनं वर पाहिलं. अंगठा तोंडातून निघाला.

"झाला का काय फोटू?"

"न्हाई बाई," सुग्रीव म्हणाला. "अजून न्हाई. नुसतं बगत हुतो."

"मंग ठीक." आणि पदर सारखा करावा तितक्या सहज तिनं तोंडावर हसू आणलं. "जेवलाव का न्हाई तुमी? चला, कावून असं उपाशी ऱ्हाता? पंगत बसलीया की."

ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. आज पहाटे भाकरीचं गाठोडं हातात देताना मनकर्णाच्या तोंडावर तेच होतं — "सांबाळून जावा. उद्याचा फेटा धुऊन ठिवते" — काल होतं, खण निवडताना होतं, आणि त्याच्याही आधी, किती आधी? तो जेवायला गेला, पानावर बसला, आग्रहाला नको-हो म्हणाला, जोडफोटो काढला. पण त्याला घास आठवेना की नवरीचं तोंड. उस्तादांना हवा होता तसला फोटो आज त्याच्या हाती लागला होता. आनंद व्हायला हवा होता. मांजरसुंब्यापर्यंत बैलगाडीत आणि पुढे मोटारीत, काचांची पेटी मांडीवर धरून, तो आनंदाची वाट बघत राहिला, आणि आला तो फक्त शीण, हाडापर्यंतचा. बारा वर्षं मी जिच्या हातचं जेवलो, तिला विचारलं म्हणजे काय केलं मी? समोर उभं करून विचारलं. मग ती दुसरं काय म्हणणार होती?

दिवेलागणीला तो गल्लीत शिरला. आई देवळात गेलेली होती. दार नुसतं लोटलेलं, फटीतून चुलीचा जाळ दिसत होता, आणि आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो उंबऱ्याशी पोचला आणि आवाज थांबला. भाकरी तव्यावर पडली असेल म्हणावं, तर तसंही काही ऐकू येईना. काहीच ऐकू येईना.

घरात शिरताना बाहेरून खाकरायचं, ही त्याच्या बापाची रीत, आज्याचीही. बाईमाणूस कसंही बसलं असेल, तिला सावरायला सवड मिळावी म्हणून. बारा वर्षांत तो एकदाही न खाकरता आत गेला नव्हता, आणि ह्या आपल्या मर्यादेचं त्याला कौतुकच वाटत आलं होतं. आता तो खाकरला नाही. फटीला डोळा लावायचा अवकाश होता. आत चुलीपुढे ती होती, पीठ लागलेले हात तसेच ठेवून, आणि तिच्या तोंडावर त्या घडीला जे असेल ते तिनं कुणासाठी आणलेलं नसणार. बघ की. उद्या गेवराईला जायच्या आधी एकदा बघून तर घे... मला भीती वाटते, असं त्याला स्वच्छ कळलं. ती रडत असेल याची नव्हे. ती रडत नसेल, याची.

तो खाकरला.

आत लगेच थापणं सुरू झालं. "आलाव का?" मनकर्णाचा आवाज आला, हसरा, सकाळचाच. "पानी ठिवलंय, पाय धुवा."

आता उद्या, परवा, कधीही तो खाकरला तरी त्या खाकरण्यात त्याला 'हालू नका' ऐकू येणार होतं. आणि न खाकरता आत जायची छाती त्याच्यात नव्हती, हेही त्याला आजच कळलं होतं. पायातल्या वहाणा न काढता, पेटी खाली न ठेवता, तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"कावून उबे ऱ्हायलाव बाहीर?" तिनं आतून विचारलं.