लाल ठिपके

कुणालीने चुलीमागच्या फळीवरून प्रयोगाची झाकणाची बशी उचलली आणि खिडकीशी धरली. आतल्या जेलीवर बारीक पांढरे ठिपके होते. लाल एकही नाही.

चार महिने ती यीस्टच्या जनुकातला एक तुकडा कापायच्या मागे होती. तो कापला गेला तर जेलीवरची वाढ लाल दिसते. पांढरी राहिली म्हणजे मेहनत पाण्यात. येत्या सोमवारी लाल ठिपका दाखव, नाहीतर प्रकल्प दुसऱ्याला, असं कल्याणच्या कॉलेजातल्या मॅडमनी तोंडावर सांगितलेलं. त्यात तिथलं बशा ठेवायचं उबेचं कपाट बिघडलं. बशी प्रयोगशाळेबाहेर न्यायची नाही, हा नियम तिला पाठ होता. तरी पौषातल्या, म्हशाच्या जत्रेच्या थंडीत ही बया ती डब्यात घालून धसईला घरी घेऊन आली आणि आई वड्यांचं पीठ फुगायला ठेवते त्या फळीवर ठेवून मोकळी झाली.

मग तिला जेलीत खड्डे दिसले. बारीक, टोचल्यासारखे.

"आई, याला हात लावलास?"

सरस्वती तांदूळ निवडत होती.

"हात कशाला लावू? पिनेनं काढले. सात दाणे लालभडक झालेले गो. बाकीच्यांना पण कीड लागली असती. चांगले तेवढे ठेवलेत तुला."

"कुठं टाकलेस?"

"चुलीत."

कुणालीने चुलीत वाकून पाहिलं. झालं होतं! सात ठिकाणी झालं होतं, आणि सातही चुलीत गेले होते. हसावं की रडावं, तिला कळेना.

"माझं काय चुकलं का गो?" सरस्वतीचे हात सुपात थांबले.

तिच्या बांगडीला तीन पिना लोंबत होत्या.

"यातली कुठली? धुतलीस?"

"नाय. झटकली न् अडकवली परत. ही मोठी."

कुणालीने श्वास धरून पिन सोडवली. टोकाला मोहरीच्या सालाएवढं काहीतरी लालसर चिकटलेलं होतं. बशीच्या रिकाम्या कडेला तिने ते टोक हलकेच ओढलं. रेघ वाकडी आली, पण तेवढ्यातूनही लाल वाढ उगवू शकत होती. सोमवारला चार दिवस होते.

"आता परत लाल झालं तर?" सरस्वतीने भीत भीत विचारलं.

"होऊ दे, आई. यावेळी काढू नको."

सरस्वती उठली. पिठाचं पातेलं तिने फळीच्या टोकाला सरकवलं.

"मग हितं ठेव. हितं ऊब जास्त लागते."