काकांचा रकाना

गोडी मोजायच्या ब्रिक्स मीटरच्या काचेवर खरबुजाच्या रसाचा थेंब पसरला आणि भिंगातली निळी-पांढरी सीमारेषा चौदावर येऊन थांबली. तिनं काच पुसली, दुसऱ्या फोडीचा थेंब ठेवला. चौदा. तिसरीचाही चौदाच. फोडी एकाच फळाच्या, मधोमध लागून कापलेल्या. वेगळं काही येणार नव्हतंच.

पण त्याच फोडी चाखून माळीकाका आत्ताच म्हणाले होते, "पहिली जरा फिक्की, दुसरी मधासारखी, तिसरी किंचित आंबूस."

ग्रीनहाऊसमध्ये वीस वर्षं काढलेल्या काकांच्या जिभेवर सगळ्यांचा डोळे झाकून विश्वास. ती नोकरीला लागली तेव्हा चाखायला त्यांनीच शिकवलं होतं: आधी चूळ भर, घास जिभेवर घोळव, गिळायची घाई नको. फळात साखर साठण्याला लगाम घालणारं एक जनुक तिनं काही वेलींमध्ये कमजोर केलं होतं. मीटर आकडा दाखवी, पण खाणाऱ्याला ती गोडी जाणवते का, हे चार चाखणारेच सांगणार होते. काका त्यातले पहिले.

मोठ्या तापानंतर त्यांची चव गेली, अशी शंका तिला चार महिन्यांपासून होती. चवीच्या तक्त्यातला त्यांचा रकाना ती पेन्सिलीनं भरायची आणि सांगायचं उद्यावर ढकलायची. आज खात्री झाली, आणि आजच अहवाल जायचा होता. खोटे आकडे पाठवणं तिला जमणार नव्हतं. काकांना दुखावणं त्याहून नाही.

"काय गं, तोंड का पाडलंस? माझ्या पोरींना नापास केलंस की काय?" वेलींना ते पोरीच म्हणत.

"पोरी पास आहेत."

"मग मास्तर नापास?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. काका फोडीच्या सालीवरून बोट फिरवत राहिले.

"परवा तुझी काकू चहात साखर घालायला विसरली. मी आपला 'झक्कास' म्हणून मोकळा! तेव्हापासून माझ्याकडे संशयानं बघते." त्यांनी साल खाली ठेवली. "तू तरी सरळ बोल, बाळा."

तिनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. त्यांचा चिकट हात हातात घेतला.

"काका, चाखणाऱ्यांच्या यादीतून मी तुमचं नाव काढतेय."