कानातली भरती

डॉक्टरांचे हात मध्येच थांबले तेव्हा हौसा ऑपरेशनच्या टेबलावर शुद्धीवरच होती. कान तेवढा बधिर केला होता. मुंबईच्या त्या गार खोलीत तिला आपला जुना सोबती तेवढा ऐकू येत होता, उजव्या कानातला धप्‌ धप्‌ ठोका.

तो जन्मापासूनचा. लहानपणी तिला वाटे, सगळ्यांच्याच कानात असा असतो. लग्न होऊन ती धरमतरच्या खाडीकाठी आली. तिथे शेताला बांध आणि बांधापलीकडे खारं पाणी. पहिल्याच उधाणाच्या दुपारी ती हातावर कान टेकून पडली, ती ओरडतच उठली, "खांड गेली!" बांध फुटला म्हणून अख्खं गाव चिखलाची घमेली घेऊन धावलं. बांध जागच्या जागी शाबूत; दाबल्या कानातला ठोकाच तिला पाण्याची धडक वाटला होता. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? ती कायमची 'खांडवाली हौसा' झाली.

आता डावा कान कधीचाच गेलेला, उजवाही मिटत चाललेला. नवरा पुंडलिक हळू बोलणारा. त्याचं बोलणं शेवटपर्यंत कानी पडावं, एवढ्याचसाठी ती ऑपरेशनला तयार झाली होती.

ते होणार नव्हतं. डॉक्टरांनी पुंडलिकला समजावलं. बाळ पोटात वालाच्या दाण्याएवढं असतं तेव्हा कानाच्या नाजूक हाडातून एक रक्तवाहिनी जाते आणि जन्माच्या कितीतरी आधी विरून जाते. हौसाची तशीच राहिली होती. ठोका त्या वाहिनीचाच. तिला धक्का लावला तर जिवावर बेतेल, म्हणून पुढे काही न करता कान तसाच मिटवला.

पुंडलिकने हे सारं तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. सांगताना त्याला रडू आवरेना.

हौसाला जन्म देऊन आई त्याच दिवशी गेली होती. मागे ना फोटो उरला, ना लुगड्याची चिंधी.

"म्हंजे मी आयशीच्या पोटात व्हते, तवाची हाय ही?"

"व्हय गो."

"मंग ऱ्हाऊ दे तिला."

पुढच्या उधाणापर्यंत बाहेरचं सगळं मिटलं. भांडी, पाखरं, पुंडलिकही. त्याचा आवाज गेल्याचं तिला फार वाईट वाटे. एका दुपारी ती ओटीवर उजव्या कुशीवर पडली होती. पुंडलिक शेजारी टेकला. ती काय ऐकते ते त्याने खुणेनेच विचारलं. हौसाने त्याचा तळहात ओढून घेतला आणि डोळे मिटून त्यावर बोटाने हळूहळू ठोका धरला.