शालीकरामचं कोपर

दवनीवाड्यात शालीकरामएवढा फुशारक्या मारणारा मालिशवाला दुसरा नव्हता, आणि हे त्याच्या बायकोइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गोंदिया स्टेशनावरच्या गोऱ्या साहेबाची कंबर आपण सरळ केली, असं तो ओसरीवर येईल त्याला ऐकवायचा. आत तांदूळ निवडता निवडता रुख्मा नाक मुरडायची. साहेबाच्या घोड्याला खरारा करायला गेले होते हे महाशय, कंबर कसली?

त्याच्याजवळ सगळ्या दुखण्यांवर इलाज एकच. जवसाचं तेल ओतायचं आणि दुखऱ्या जागी कोपर रोवून रगडायचं. माणूस कळवळला की म्हणायचं, "रोग निघून राहिला."

त्याच्या गिऱ्हाइकांची ती ओसरी रुख्मा रोज गुडघे टेकून सारवायची. त्यापायी तिच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी फुगी आली. बोट लावलं की आत पाणी हलल्यासारखं लागायचं. शालीकरामनं तिथंही कोपर रोवलं. सकाळी गुडघा लालबुंद आणि चुलीसारखा तापलेला. भाताची रोवणी तोंडावर आलेली आणि पाय मुडपत नव्हता. आता आपण जन्माच्या लंगड्या झालो, ही भीती तिच्या मनात बसली.

"उद्या आखीन रगडतो," तो म्हणाला. "फोडल्याबिगर जात नाई ते."

पण दुसऱ्या दिवशी त्याचंच कोपर फुगलं. जन्मभर लोकांच्या हाडांवर घासलेलं, सुजेल नाही तर काय! मग काय थाट! कोपराखाली उशी, वर ओलं फडकं, आणि वाऱ्यानंही तिकडून जायचं नाही. रुख्मा तेलाची वाटी घेऊन लंगडत आली.

"आना इकडं, रगडून देते."

"हात नोको लावू. दाबलं का जीव जाते. थंड्यानंच उतरून राहिलं."

"मंग माह्या गुडघ्यावर काऊन रगडलं?"

"बायाईचं दुखनं अलग रायते."

रुख्मानं उष्ट्या पत्रावळीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. सारवणाची बादली पालथी घातली, पाय लांब करून बसली आणि गुडघ्यावर ओलं फडकं ठेवलं. काही दिवसांत दोघांचीही सूज ओसरली.

मग गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती वाहणारा भैयाजी सुजलेला खांदा घेऊन आला. शालीकरामनं लगेच बाही सरसावली. भैयाजी सदरा काढत होता तोच रुख्मा दारात येऊन उभी राहिली.

"भैयाजी, ह्यायचं कोपर सुजलं तं हे उशीवर ठेवून, ओलं फडकं बांधून बसले. मले बोटबी लावू देलं नाई. तुमी पोती उचलू नोका, आन् घरी जाऊन तेच करा."

भैयाजीनं शालीकरामकडे बघितलं. शालीकराम न सारवलेल्या जमिनीकडे बघत होता.

भैयाजीनं सदरा पुन्हा अंगात घातला आणि निघून गेला. शालीकरामनं सरसावलेली बाही खाली ओढली.